युद्धकालीन ब्रिटनमधील नभोवाणीचा रविवार

दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश नभोवाणीचा अभ्यास बहुधा दोन अंगांनी केला जातो. वृत्तांची विश्वसनीयता हे एक अंग, आणि शत्रुराष्ट्रांविरुद्धचे प्रचारतंत्र हे दुसरे. ही दोन्ही अंगे महत्त्वाची आहेतच. परंतु आठवड्यातील एकच वार घेऊन त्या वारी ध्वनिक्षेपित होणाऱ्या कार्यक्रमांत पाच-सहा वर्षांच्या अवधीत कोणता पालट झाला हे पाहू गेल्यास समाजाच्या अंतरंगातील एक निराळीच घडामोड दृष्टीस पडते. असा वार म्हणजे रविवार. ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनने, म्हणजेच बी.बी.सी.ने, जो वार युद्धापूर्वी सर्वांत कडक सोवळ्यात ठेवला होता, त्याच वाराचे सोवळे युद्धात प्रथम सुटले. ते धर्माच्या विरोधकांनी सोडविले नाही. लष्कराची छावणी, कारखान्याची पाळी आणि शत्रूचे ध्वनिक्षेपण केंद्र या तिहींच्या दडपणाखाली ते सोडणे भाग पडले.

बी.बी.सी.चे पहिले महासंचालक जॉन रीथ हे स्कॉटलंडमधील फ्री चर्चच्या एका धर्मोपदेशकाचे पुत्र होते. रविवार हा ईश्वरोपासनेचा आणि शांत चिंतनाचा दिवस असून नभोवाणीने त्याला बाध आणता कामा नये, असा त्यांचा दृढ आग्रह होता. त्यामुळे त्या दिवशी ध्वनिक्षेपणाचे तास कमी असत. जे कार्यक्रम होत ते प्रार्थना, प्रवचने, गंभीर भाषणे आणि अभिजात संगीत यांपुरते मर्यादित असत. नृत्यसंगीत, विनोदी प्रवेश यांना मज्जाव होता. महाराष्ट्रीय वाचकाला हा आग्रह काहीसा अपरिचित वाटण्याचा संभव आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९० साली रविवारची सुट्टी मिळविली, ती प्रथमतः विश्रांतीसाठी. रविवार हा खंडोबाचा वार आहे, हा मुद्दा तिला जोड म्हणून आला. इंग्लंडमधील रविवारचे स्वरूप याच्या उलट होते. तेथे निर्बंध आधी होता आणि विश्रांती ही त्याची फलश्रुती होती. पैसे घेऊन रविवारी करमणूक करण्यास बंदी घालणारा १७८० चा कायदा विसाव्या शतकातही जिवंत होता. चित्रपटगृहांना स्थानिक संमतीने सूट मिळाली ती १९३२ साली, आणि नाट्यगृहांना तीही मिळाली नाही.

तथापि श्रोत्यांनी हा निर्बंध मुकाट्याने पाळला असे नाही. फ्रान्सच्या किनाऱ्यावरील रेडिओ नॉर्मंडी आणि १९३३ पासून रेडिओ लक्झेंबर्ग ही जाहिरातींवर चालणारी केंद्रे इंग्रजी श्रोत्यांसाठी नृत्यसंगीत आणि हलकेफुलके कार्यक्रम देत असत, आणि त्यांचा सुगीचा दिवस म्हणजे नेमका रविवार. रीथ यांच्या रविवारला कंटाळलेला श्रोता कळ फिरवून परदेशी जाई. यामुळे एक चमत्कारिक समतोल निर्माण झाला होता. बी.बी.सी.चे तत्त्व अबाधित राहत होते आणि श्रोत्यांची करमणूकही होत होती. तत्त्वाची खरी कसोटी लागण्याची वेळ आलीच नव्हती. १९३८ मध्ये रीथ यांनी पद सोडले आणि एफ. डब्ल्यू. ओगिल्वी महासंचालक झाले, तेव्हाही रविवारच्या धोरणात थोडीशी शिथिलता आली, एवढेच.

हा समतोल मोडला तो धोरणामुळे नव्हे, तर प्रथम एका तांत्रिक कारणामुळे. रेडिओचा प्रक्षेपक कोठे आहे हे ठाऊक असेल, तर विमानातील दिशाशोधक यंत्राच्या साह्याने त्या प्रक्षेपकाची दिशा समजते. अशा दोन दिशा मिळाल्या की वैमानिकाला आपले स्थान निश्चित करता येते. म्हणजे शत्रूच्या बाँबफेकी विमानांना बी.बी.सी.चे प्रक्षेपक आयतेच दीपस्तंभ ठरले असते. यावर उपाय असा योजण्यात आला की, अनेक प्रक्षेपकांनी एकाच तरंगलांबीवर, एकाच वेळी, एकच कार्यक्रम प्रक्षेपित करावा. मग दूरच्या विमानाला कोणता लहरीप्रवाह कोठून येतो याचा निर्णय करता येत नाही. विमान एखाद्या प्रक्षेपकाच्या फार जवळ आले, तर तेवढाच प्रक्षेपक वायुदलाच्या आदेशाने बंद करावयाचा, आणि त्या भागातील श्रोत्यांनी दूरच्या प्रक्षेपकांवरून क्षीण आवाजात का होईना तोच कार्यक्रम ऐकावयाचा. ही योजना चातुर्याची होती. परंतु तिची किंमत अशी की तरंगलांबी वाचविता येईना, आणि निरनिराळे कार्यक्रम देता येईनात. १ सप्टेंबर १९३९ च्या सायंकाळी राष्ट्रीय आणि प्रादेशिक कार्यक्रम बंद होऊन त्यांच्या जागी ३९१ आणि ४४९ मीटरवर 'होम सर्व्हिस' ही एकमेव सेवा उरली. त्याच महिन्यात लक्झेंबर्गचे ध्वनिक्षेपणही थांबले. पळवाटही बंद झाली आणि पर्यायही संपला.

यानंतरचा पहिला रविवार म्हणजे ३ सप्टेंबर १९३९. पोलंडमधून सैन्य मागे घेण्यासंबंधीचा ब्रिटनचा निर्वाणीचा खलिता त्या सकाळी नऊ वाजता बर्लिनमध्ये देण्यात आला होता आणि त्याची मुदत अकराला संपत होती. सव्वाअकरा वाजता पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन यांनी १०, डाउनिंग स्ट्रीट येथील मंत्रिमंडळाच्या दालनातून देशाला उद्देशून भाषण केले. त्यांची ओळख करून देणारे निवेदक आल्व्हर लिडेल हे होते. भाषणापाठोपाठ नाट्यगृहे आणि चित्रपटगृहे बंद करण्याविषयीच्या आणि हवाई हल्ल्याच्या वेळी घ्यावयाच्या दक्षतेविषयीच्या सूचना वाचण्यात आल्या. त्या संपतात न संपतात तोच लंडनमध्ये धोक्याचा भोंगा वाजला; तो खोटा ठरला. सायंकाळी सहा वाजता राजे सहावे जॉर्ज यांचे भाषण झाले. मधल्या तासांत वृत्ते, सूचना आणि ध्वनिमुद्रिका. त्याच दिवशी जे. बी. प्रीस्टले यांनी 'लेट द पीपल सिंग' या आपल्या कादंबरीचे पहिले प्रकरण ध्वनिक्षेपकासमोर वाचले. प्रीस्टले यांचे नाव पुढे पुन्हा येणार असल्याने हा योगायोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

पहिल्या काही आठवड्यांत बी.बी.सी.वर टीकेचा भडिमार झाला. अपेक्षित हवाई हल्ले झाले नाहीत, अंधारलेल्या रात्री लोक घरी बसून राहिले, आणि ऐकावयास मिळे ते वृत्तांची पुनरावृत्ती आणि सँडी मॅकफर्सन यांचे ऑर्गनवादन. या पोकळीत हँबुर्गहून एक आवाज शिरला. विल्यम जॉइस याच्या उपरोधपूर्ण इंग्रजी वार्ता 'लॉर्ड हॉ-हॉ' या टोपणनावाने प्रसिद्ध झाल्या, त्या बी.बी.सी.चे रात्री नऊचे वृत्त संपता संपता सुरू होत. श्रोतृसंशोधन विभागाने जानेवारी १९४० च्या अखेरीस केलेल्या पाहणीत असे आढळले की, दर सहा प्रौढांपैकी एक जण हँबुर्ग नियमितपणे ऐकतो आणि तिघे अधूनमधून ऐकतात. ऐकणारे सर्वच त्यावर विश्वास ठेवीत होते असे नव्हे. बहुतेक जण गंमत म्हणून ऐकत. तथापि शत्रूचे केंद्र ही घरातील करमणूक ठरावी, ही गोष्ट शासनाला आणि बी.बी.सी.ला सारखीच अस्वस्थ करणारी होती.

दुसरा प्रश्न फ्रान्समधील ब्रिटिश सैन्याचा. रीथ यांच्या रविवारमागे श्रोत्याची एक विशिष्ट कल्पना गृहीत होती. हा श्रोता घरी आहे, सकुटुंब आहे, त्याच्यापाशी शांतता आहे आणि तो लक्ष देऊन ऐकतो. फ्रान्समधील सैनिकापाशी यांपैकी काहीच नव्हते. बी.बी.सी.चे ए. पी. रायन यांनी फ्रान्समध्ये जाऊन परिस्थिती पाहिली. सैनिक एकेकटे ऐकत नाहीत, उपाहारगृहाच्या वा निवासाच्या गोंगाटात समूहाने ऐकतात, आणि त्यांना हवे असते ते हलके संगीत आणि विनोद, असा त्यांच्या निरीक्षणाचा निष्कर्ष होता. अशा माणसाला रविवारी दीर्घ प्रवचन ऐकविले तर तो भाविक होणार नाही. यंत्र बंद करील, किंवा हँबुर्ग लावील. ७ जानेवारी १९४० रोजी सैनिकांसाठी प्रायोगिक ध्वनिक्षेपण सुरू झाले आणि १८ फेब्रुवारीपासून 'फोर्सेस प्रोग्रॅम' पूर्ण स्वरूपात चालू झाला. या दोन्ही तारखांना रविवार होता. या सेवेवर रविवारीही नृत्यसंगीत आणि विनोदी कार्यक्रम देण्याचा निर्णय झाला, आणि सोवळ्याला पहिला तडा गेला. सेवा सैनिकांसाठी असली तरी लहरींना गणवेश ओळखता येत नाही. ब्रिटनमधील नागरिकही ती ऐकू लागले, आणि काही काळाने तिचे नागरी श्रोते होम सर्व्हिसच्या श्रोत्यांपेक्षाही अधिक झाले.

या संक्रमणाचे स्वरूप २६ मे १९४० या एकाच रविवारात सामावलेले दिसते. राजांच्या इच्छेनुसार तो राष्ट्रीय प्रार्थनादिन म्हणून पाळण्यात आला; वेस्टमिन्स्टर ॲबीत राजे स्वतः उपस्थित होते आणि देशभरची प्रार्थनामंदिरे भरून गेली होती. त्याच सायंकाळी डंकर्क येथून सैन्य परत आणण्याची 'डायनॅमो' मोहीम सुरू करण्याचा आदेश निघाला. आणि त्याच दिवशी फोर्सेस प्रोग्रॅमवर बीबी डॅनियल्स, बेन लायन आणि व्हिक ऑलिव्हर यांच्या 'हाय गँग!' या विनोदी मालिकेला प्रारंभ झाला. वर्षभरापूर्वी या दोन गोष्टी एका रविवारी शेजारी-शेजारी नांदू शकल्या नसत्या. चारच आठवड्यांनी, २३ जून रोजी, 'म्यूझिक व्हाइल यू वर्क' हा कारखान्यांतील कामगारांसाठी योजलेला संगीताचा कार्यक्रम सुरू झाला. प्रारंभासाठी रविवार निवडला जावा याचे कारण साधे आहे. फ्रान्सच्या पाडावानंतर शस्त्रास्त्रांचे कारखाने सातही दिवस चालू लागले होते, आणि कामगारांच्या दृष्टीने रविवार व सोमवार यांत भेद उरला नव्हता. याच्या उलट संसदेची गती पाहण्यासारखी आहे. रविवारी नाट्यगृहे उघडी ठेवू द्यावीत हा प्रस्ताव कॉमन्स सभेने १९४१ च्या वसंत ऋतूत थोड्या मतांनी फेटाळला. नाट्यगृहात जे अशिष्ट ठरले, ते दिवाणखान्यात वर्षभर ऐकू येत होते.

सकाळचा रविवार असा विस्कळीत होत असता रात्री नऊच्या सुमारास मात्र त्याच दिवसाला एक नवी घनता प्राप्त झाली. नऊचे वृत्त ऐकणाऱ्यांची संख्या पुष्कळदा प्रौढ लोकसंख्येच्या निम्म्याच्या आसपास जाई. १९४० च्या उन्हाळ्यापासून निवेदक स्वतःचे नाव सांगून वृत्त वाचू लागले. शत्रूने बनावट वृत्त दिल्यास आवाज ओळखता यावा, हा त्यामागील हेतू होता. पण त्यामुळे निर्नाम महामंडळाला माणसाचा आवाज लाभला. १० नोव्हेंबर १९४० या रविवारपासून वृत्तापूर्वी बिग बेनचे टोले पूर्ण ऐकविण्यात येऊ लागले, आणि तेवढ्या अवधीत मूकपणे प्रार्थना करावी अशी प्रथा अनेक घरांत रूढ झाली. प्रार्थनेची वेळ ठरविणारी घंटा आता चर्चची नव्हती, संसदभवनाची होती. चर्चच्या घंटा जून १९४० पासून मुक्या होत्या; शत्रूचे सैन्य उतरल्यास इशारा देण्यासाठीच त्या वाजवावयाच्या, असा आदेश होता.

रविवारी रात्री वृत्तानंतर 'पोस्टस्क्रिप्ट', म्हणजे ताजा कलम, या नावाने एक छोटे भाषण देण्याची योजना १९४० च्या आरंभी झाली होती. हँबुर्गकडे वळणारा श्रोता त्या पाव तासात धरून ठेवावा, हा तिचा उघड उद्देश. प्रारंभीचे वक्ते बॅरिस्टर मॉरिस हीली होते; परंतु तिला खरे तेज आले ते प्रीस्टले यांच्यामुळे. ५ जून १९४० रोजी, बुधवारी, त्यांनी डंकर्कला धावून गेलेल्या सहलीच्या लहान बोटींवर पहिले भाषण केले. त्यानंतर २० ऑक्टोबरपर्यंत त्यांची भाषणे रविवारी होत राहिली, आणि सुमारे एकतृतीयांश प्रौढ लोक ती ऐकत. यॉर्कशरचे वळण असलेली त्यांची वाणी, साध्या वस्तूंवरून मोठ्या विषयाकडे जाण्याची त्यांची हातोटी, या गोष्टींचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. अधिक महत्त्वाचे हे की, युद्ध कशासाठी चालले आहे आणि ते संपल्यावर जुन्याच व्यवस्थेकडे परत जावयाचे काय, हा प्रश्न त्यांनी रविवारच्या रात्री घराघरांत नेला. हुजूर पक्षात याविषयी नाराजी पसरली. १९४१ च्या आरंभी त्यांची दुसरी मालिका झाली आणि ती मार्चमध्ये संपली. बी.बी.सी. माहिती मंत्रालयाकडे बोट दाखवीत होती आणि मंत्रालय बी.बी.सी.कडे, असे प्रीस्टले यांनी पुढे आपल्या आठवणींत नमूद केले आहे. दोष कोणाचाही असो, धर्मोपदेशकाचे प्रवचन जेथे निर्वेध चालत आले होते, तेथे लेखकाचे प्रवचन राज्यकर्त्यांना जाचक वाटू लागले, ही गोष्ट त्या व्यासपीठाच्या वाढलेल्या सामर्थ्याची साक्ष देते.

वृत्तापूर्वीचा काळही राजकारणापासून अलिप्त राहिला नाही. रविवारी नऊच्या आधी मित्रराष्ट्रांची राष्ट्रगीते वाजविण्याचा परिपाठ १९४० मध्ये पडला होता. पराभूत राष्ट्रांची निर्वासित शासने लंडनला येत गेली तशी ही यादी लांबत गेली, आणि कार्यक्रम कंटाळवाणा न ठरता लोकप्रिय झाला. पेच पडला तो २२ जून १९४१ नंतर. त्या रविवारी जर्मनीने सोव्हिएत संघावर आक्रमण केले. रात्री चर्चिल यांनी नभोवाणीवरून रशियाला साह्य देण्याची घोषणा केली. १२ जुलै रोजी उभय राष्ट्रांत करारही झाला. परंतु सोव्हिएत संघाचे तत्कालीन राष्ट्रगीत होते 'इंटरनॅशनल', जगातील श्रमिकांना क्रांतीचे आवाहन करणारे गीत. ते वाजवू नये असा चर्चिल यांचा निर्देश होता. एक मित्रराष्ट्र वगळून बाकीच्यांची गीते वाजविणे अशोभनीय, आणि ते वाजविणे अमान्य. अखेर राष्ट्रगीतांची ती मालिकाच थांबविण्यात आली. जानेवारी १९४२ मध्ये निर्देश मागे घेतला गेला, तोवर लाल सेना मॉस्कोपुढे सहा आठवडे प्रतिहल्ला करीत होती.

चर्चिल यांच्या युद्धकालीन नभोवाणी भाषणांची दिनदर्शिका पाहिली तर रविवारचे प्राबल्य सहज ध्यानात येते. पंतप्रधान या नात्याने केलेले पहिले भाषण १९ मे १९४० चे. त्यानंतर त्याच वर्षी १४ जुलै, पुढील वर्षी ९ फेब्रुवारी, २७ एप्रिल, २२ जून आणि २४ ऑगस्ट, आणि युद्धोत्तर पुनर्रचनेसंबंधीचे २१ मार्च १९४३ चे भाषण, हे सर्व रविवार. या भाषणांना दोनतृतीयांशाच्या आसपास प्रौढ श्रोते लाभत. स्वतः पंतप्रधानही रविवारच्या नऊच्या वृत्ताला बांधलेले होते. ७ डिसेंबर १९४१ च्या रात्री चेकर्स येथे अमेरिकन राजदूत वायनंट आणि हॅरिमन यांच्यासह भोजनास बसलेल्या चर्चिल यांना पर्ल हार्बरवरील हल्ल्याची वार्ता कोणत्याही गुप्त तारेने कळली नाही. टेबलावरील लहानशा रेडिओने ती सांगितली.

धार्मिक ध्वनिक्षेपण या काळात मागे पडले, असे मात्र म्हणता येणार नाही; त्याला आपली भाषा बदलावी लागली. धर्मविभागाचे संचालक जे. डब्ल्यू. वेल्श यांच्या पुढाकाराने डॉरोथी सेयर्स यांनी ख्रिस्ताच्या जीवनावर बारा नाट्ये लिहिली. 'द मॅन बॉर्न टू बी किंग' ही मालिका २१ डिसेंबर १९४१ ते १८ ऑक्टोबर १९४२ या काळात रविवारी ध्वनिक्षेपित झाली. ख्रिस्ताची भूमिका नटाने करावी, आणि त्याच्या शिष्यांनी रस्त्यावरच्या बोलीत बोलावे, या दोन्ही गोष्टी 'लॉर्ड्स डे ऑब्झर्व्हन्स सोसायटी'ला पाखंड वाटल्या. वर्तमानपत्रांत निषेध झाला, संसदेत प्रश्न विचारले गेले. सिंगापूर पडले ते या पापाचे फळ, येथवर काही विरोधकांची मजल गेली. १५ फेब्रुवारी १९४२ हा रविवार या दृष्टीने मोठा बोलका आहे. त्या दिवशी सी. एस. लुइस यांच्या ख्रिस्ती श्रद्धेवरील मालिकेतील शेवटचे भाषण झाले, आणि रात्री चर्चिल यांना सिंगापूरच्या शरणागतीचे वृत्त राष्ट्राला सांगावे लागले. लुइस हे धर्मोपदेशक नव्हते, ऑक्सफर्डमधील वाङ्मयाचे अध्यापक होते. प्रश्न विचारणाऱ्या, काहीशा साशंक श्रोत्याशी ते बरोबरीच्या नात्याने बोलत. रीथ यांच्या रविवारने असा श्रोता गृहीत धरला नव्हता.

शेवटचा गड पडला तो ९ नोव्हेंबर १९४१ रोजी. रविवारी रात्री नऊच्या वृत्तानंतर फोर्सेस प्रोग्रॅमवर 'सिन्सिअर्ली युअर्स, व्हेरा लिन' हा कार्यक्रम सुरू झाला. घरापासून दूर असलेल्या सैनिकाला लिहिलेले पत्र, असे त्याचे स्वरूप होते. पत्रातील शब्द म्हणजे गाणी. अशा हळव्या गीतांनी सैनिकांचा कणखरपणा ढिला होईल अशी भीती अनेकांनी व्यक्त केली, आणि बी.बी.सी.च्या नियामक मंडळाने कार्यक्रमाविषयी नापसंती आणि त्याच्या लोकप्रियतेची दखल या दोन्हींची एकदमच नोंद केली. संस्थेच्या द्विधा मनःस्थितीचे याहून प्रांजळ चित्र क्वचितच मिळेल. सैनिकांना ज्या गोष्टीने घराची आठवण होई, तिलाच वरिष्ठ दुर्बलता समजत होते. आणि रविवार हा कुटुंबाचा दिवस असावा ही जुनी कल्पना व्हेरा लिन यांच्या गाण्यांत, दुरून का होईना, टिकून राहिली होती, हे त्यांच्या ध्यानी आले नाही.

बी.बी.सी.चे ध्वनिक्षेपण इंग्रजीपुरते आणि ब्रिटनपुरते नव्हते. हिंदुस्तानीतील ध्वनिक्षेपण ११ मे १९४० पासून, तर मराठी आणि गुजराती ध्वनिक्षेपण १ मार्च १९४२ पासून सुरू झाले; तोही रविवारच होता. सिंगापूर पडून दोन आठवडे झाले होते आणि रंगून जाण्याच्या बेतात होते, हे लक्षात घेतले म्हणजे भारतीय भाषांची निकड तेव्हाच का भासली हे निराळे सांगावयास नको. जॉर्ज ऑर्वेल त्या काळी पौर्वात्य विभागात कार्यक्रमनिर्माते होते. भारतीय भाषांत अनुवादिल्या जाणाऱ्या वार्तापत्रांपैकी काहींची मूळ संहिता ते लिहीत. महाराष्ट्रातून शिक्षणासाठी इंग्लंडला गेलेल्या वेणू चितळे त्यांच्या सहकारी होत्या; त्यांची 'इन ट्रान्झिट' ही इंग्रजी कादंबरी १९५० मध्ये प्रसिद्ध झाली. लंडनची मराठी सेवा १९५८ च्या डिसेंबरपर्यंत, मधला अल्प खंड सोडता, चालू होती.

१५ नोव्हेंबर १९४२ या रविवारी एल् अलामेनच्या विजयाप्रीत्यर्थ देशभर चर्चच्या घंटा वाजविण्यात आल्या. बाँबवर्षावात उद्ध्वस्त झालेल्या कॉव्हेंट्रीच्या कॅथीड्रलचा मनोरा शाबूत होता. तेथील घंटानाद नभोवाणीवरून ऐकविण्यात आला. १९४३ च्या वसंत ऋतूत घंटांवरील निर्बंध उठला आणि रविवारची सकाळ चर्चला परत मिळाली. नभोवाणीचा जुना रविवार मात्र परत आला नाही. २७ फेब्रुवारी १९४४ रोजी फोर्सेस प्रोग्रॅमची जागा जनरल फोर्सेस प्रोग्रॅमने घेतली. युरोपमधील युद्ध संपल्यावर प्रक्षेपकांना एकाच तरंगलांबीवर बांधून ठेवण्याची गरज उरली नाही, आणि २९ जुलै १९४५ रोजी प्रादेशिक सेवा पुन्हा सुरू होऊन जनरल फोर्सेस प्रोग्रॅमच्या जागी 'लाइट प्रोग्रॅम' ही नागरिकांसाठीची करमणूकप्रधान सेवा आली. रीथ यांनी सर्व श्रोत्यांसाठी रविवारी राखून ठेवलेले गंभीर संगीत आणि वाङ्मय यांसाठी २९ सप्टेंबर १९४६ पासून 'थर्ड प्रोग्रॅम' ही स्वतंत्र सेवा निघाली. या तिन्ही तारखा रविवारच्याच होत्या.